न वापरलेल्या भाषा-पॅकचा भार खरोखर किती?

प्रश्न : आमच्या संस्थेत वीस जुने संगणक आहेत. प्रत्येकात ४ जीबी रॅम आणि जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. त्यांवरच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये आणि ब्राउझरमध्ये कितीतरी भाषांची यादी दिसते. आमचे काम मात्र मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषांत चालते. संगणक अलीकडे फार मंद झाले आहेत. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, या सगळ्या भाषा, जमल्यास मराठीसुद्धा, काढून केवळ इंग्रजी ठेवली तर संगणक हलके होतील आणि वेगाने चालू लागतील. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. भाषा काढल्याने डिस्कवर थोडी जागा मोकळी होईल, पण वेगात आपल्याला जाणवेल असा फरक पडणार नाही. मराठी काढल्याने तर ज्यांना मराठीत मेनू वाचून काम करायचे आहे त्यांची गैरसोय तेवढी होईल. तरीही हे उत्तर कारणांसह समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याला काही खरे अपवाद आहेत आणि आपल्या सहकाऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही.

सॉफ्टवेअर ‘जड’ झाले असे आपण म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या तक्रारी एका शब्दात मिसळलेल्या असतात. एक तक्रार डिस्कवर किती जागा अडली याची असते आणि दुसरी, प्रोग्रॅम चालू असताना तो किती मेमरी आणि किती वेळ घेतो याची. डिस्कवर पडून असलेली फाईल कोणी उघडत नाही तोवर ती प्रोसेसरचा वेळ घेत नाही आणि रॅमही अडवत नाही. म्हणून भाषा-पॅकविषयी, म्हणजे एखाद्या भाषेसाठी सॉफ्टवेअरला जोडलेल्या फाईलींच्या संचाविषयी, विचारायचा पहिला प्रश्न ‘त्याचा आकार किती’ हा नसून ‘ते केव्हा आणि कोणाकडून वाचले जाते’ हा आहे.

लिनक्सवरच्या बहुसंख्य प्रोग्रॅममध्ये १९९०च्या दशकापासून गेटटेक्स्ट नावाची व्यवस्था वापरली जाते. प्रत्येक प्रोग्रॅमचे प्रत्येक भाषेतले अनुवाद एका स्वतंत्र फाईलमध्ये असतात आणि त्या भाषेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. मराठीच्या फोल्डरचे नाव ‘एमआर’ एवढेच. प्रोग्रॅम सुरू झाला की तो वापरकर्त्याने निवडलेली भाषा पाहतो आणि थेट त्या पत्त्यावर जाऊन फाईल मागतो. आधी ‘भारतातील मराठी’ या नावाने, ती न मिळाल्यास नुसत्या ‘मराठी’ या नावाने, अशा चार-सहा ठरावीक पत्त्यांवर तो विचारणा करतो. शेजारी फ्रेंच, जपानी, स्वाहिली अशी शंभर फोल्डर आहेत की एकही नाही, हे त्याला कळतही नाही, कारण तो यादी वाचत बसत नाही. शंभर भाषा असलेल्या आणि दोनच भाषा असलेल्या संगणकावर त्याचे काम सारखेच राहते ते यामुळे.

जी एक फाईल उघडली जाते तीसुद्धा पूर्णपणे रॅममध्ये ओतली जात नाही. ती मेमरीशी ‘जोडली’ जाते, म्हणजे तिचा जो भाग प्रत्यक्ष वाचायची वेळ येते तेवढाच, सामान्यतः ४ किलोबाइटच्या पानांच्या हिशेबाने, डिस्कवरून उचलला जातो. तिच्यातली वाक्ये क्रमवार लावलेली असतात आणि जोडीला शोधासाठीची एक सारणीही असू शकते, त्यामुळे हजारो वाक्यांतून नेमके एक शोधायला लागणारा वेळ माणसाला जाणवण्याच्या पलीकडे सूक्ष्म असतो.

विंडोजची रचना वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजचे मुख्य प्रोग्रॅम भाषानिरपेक्ष ठेवले गेले आणि मेनूंचा व संदेशांचा मजकूर भाषावार वेगळ्या फाईलींत हलवला गेला. क्रोम ब्राउझरमध्ये आणि त्याच्याच पायावर उभ्या असलेल्या अनेक डेस्कटॉप ॲपमध्ये ‘लोकेल्स’ नावाचे एक फोल्डर असते. त्यात पन्नासच्या आसपास भाषांच्या फाईली दिसतात आणि ते पाहून अनेकांना धास्ती वाटते, पण ॲप उघडताना त्यांतली वापरातल्या भाषेची फाईल तेवढी घेतली जाते.

आता आकाराविषयी, कारण तेथे आपली मराठी खरोखरच इंग्रजीपेक्षा अधिक जागा घेते आणि तिच्यावर ‘जड’ असल्याचा आरोप येण्याचे ते एक कारण असावे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत इंग्रजीचे प्रत्येक अक्षर १ बाइटमध्ये मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो की काना-मात्रा-वेलांटी, ३ बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा ५ चिन्हांचा, म्हणून १५ बाइटचा होतो. समजा एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये १०,००० संदेश आहेत आणि प्रत्येक संदेश सरासरी ४० चिन्हांचा आहे; तर इंग्रजीत हा मजकूर ४ लाख बाइटचा, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटहूनही कमी होईल आणि मराठीत सव्वा मेगाबाइटच्या आत राहील. एका मोबाइलने काढलेले एक छायाचित्र बहुधा याहून मोठे असते. वीस संगणकांवरून मराठी काढून आपण एवढीच बचत करणार असाल तर ती करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कोणत्याही संस्थेत मराठी मेनू वापरणारी माणसे थोडी असली तरी त्यांना तो आधार मोलाचा असतो, आणि एकदा काढलेली भाषा पुन्हा बसवायला सहसा कोणी फिरकत नाही.

अपवादांकडे वळताना ‘भाषा-पॅक’ या नावाखाली निरनिराळ्या वस्तू येतात हे लक्षात ठेवले पाहिजे. मेनूंचा अनुवाद ही त्यांतली सर्वांत हलकी वस्तू. शुद्धलेखन तपासण्याचे शब्दकोश त्याहून मोठे असतात आणि वापरात आले की मेमरीही घेतात. पण सामान्यतः दस्तऐवजात त्या भाषेचा मजकूर आल्यावरच ते उघडले जातात. येथे एक व्यावहारिक अडचण मात्र घडते. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरावर कधीकधी भलत्याच भाषेची खूण राहिलेली असते, आणि मग जी भाषा आपण वापरत नाही असे समजतो तिचा शब्दकोशही उघडला जातो. हस्ताक्षर ओळखणे, बोललेले लिहून घेणे, मजकूर वाचून दाखवणे यांसाठीचे भाग त्याहून कितीतरी मोठे असतात. विंडोजमध्ये भाषा जोडताना हे भाग वेगवेगळे निवडता येतात, आणि जे लागणार नाहीत ते सुरुवातीलाच न घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

फाँटचा विचार वेगळा करावा लागतो. चिनी, जपानी, कोरियन लिप्यांसाठीच्या नोटो फाँटमध्ये ६५,५३५ अक्षराकृती असतात, म्हणजे त्या फाँट-प्रकारात जास्तीत जास्त मावतात तेवढ्या. आणि एकेका जाडीची फाईल १५ मेगाबाइटच्या आसपास जाते. भाषेबरोबर असे फाँट आले की जागा तर जातेच, शिवाय फाँटची यादी लांबते, आणि जे प्रोग्रॅम उघडताना सगळे फाँट तपासतात त्यांना खरोखर उशीर होऊ शकतो. भाषांमुळे संगणक मंदावल्याचे ज्यांना प्रत्यक्ष अनुभवाला आले आहे त्यांच्या बाबतीत कित्येकदा दोष शेकडो फाँटचा निघतो, अनुवादांचा नव्हे.

भाषा-पॅकचा जो खर्च मी खरोखर मोजण्याजोगा मानतो तो अपडेटच्या वेळी होतो. विंडोजवर जितक्या भाषा बसवलेल्या असतील तितक्यांच्या फाईली प्रत्येक अपडेटमध्ये तपासाव्या आणि बदलाव्या लागतात. नवी भाषा जोडल्यावर ताजे अपडेट पुन्हा लावावे अशी सूचना तर मायक्रोसॉफ्टच देते. फायरफॉक्सचे भाषा-पॅक ब्राउझरच्या आवृत्तीशी बांधलेले असते, म्हणून ब्राउझरची नवी आवृत्ती आली की बसवलेल्या प्रत्येक भाषेचे पॅकही नवे घ्यावे लागते. फिरत्या डिस्कवर लहानलहान हजारो फाईली बदलणे हे सर्वांत संथ काम असते, आणि वीस संगणकांवर ते एकाच सकाळी सुरू झाले तर सगळे संगणक अडकल्यासारखे वाटतात. आपल्या सहकाऱ्यांच्या शंकेत जे तथ्य आहे ते येथे आहे. तेव्हा ज्या भाषा संस्थेत कोणालाच लागणार नाहीत त्या विंडोजच्या सेटिंग्जमधून किंवा सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमधून रीतसर काढायला हरकत नाही. अपडेट थोडी लवकर आटोपतील. त्या काढताना एक काळजी घ्यावी. विंडोजचा मराठी पॅक इंग्रजीच्या पायावर बसतो आणि जो मजकूर मराठीत आलेला नाही तो इंग्रजीत दाखवतो, म्हणून इंग्रजी काढू नये.

आपल्या संगणकांच्या मंदपणाचे कारण मात्र मला प्रश्नातच दिसते. ४ जीबी रॅम आजच्या ब्राउझरच्या पाच-सहा टॅबमध्ये भरून जाते, मग संगणक रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवू लागतो, आणि डिस्क फिरती असेल तर तेथे सगळे थबकते. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने जो फरक पडेल तो साऱ्या भाषा काढूनही पडणार नाही. खात्री करून घ्यायची असेल तर एका संगणकावर प्रयोग करावा. संगणक नव्याने सुरू करून ऑफिस सॉफ्टवेअर उघडायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजावे आणि दर वेळी संगणक पुन्हा सुरू करावा, कारण एकदा वाचलेल्या फाईली काही काळ मेमरीत राहतात आणि दुसऱ्यांदा उघडताना प्रोग्रॅम उगाच वेगवान भासतो. त्यानंतर नको असलेल्या भाषा रीतसर काढून तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. ज्यांनी आधी भाषा काढल्या आणि लगेच प्रोग्रॅम उघडून ‘वेग वाढला’ असे सांगितले, त्यांच्यापैकी अनेकांनी बहुधा हा दुसऱ्यांदा उघडण्याचाच वेग पाहिलेला असतो.

प्रश्न : नको असलेल्या भाषांच्या फाईली शोधून पुसून टाकणारी सफाईची साधने मिळतात. ती वापरावीत का?

उत्तर : सर्वसाधारण वापरकर्त्याने वापरू नयेत असे माझे मत आहे. अशा साधनाने फाईल परस्पर पुसली जाते आणि ज्या व्यवस्थेने ती बसवली होती तिला पत्ता नसतो. पुढच्या अपडेटमध्ये फाईल परत येते, किंवा अपेक्षित फाईल जागेवर नाही म्हणून अपडेटच अडखळते. डेबियन लिनक्ससाठी लोकेलपर्ज नावाचे असे एक साधन आहे, आणि ते पॅकेज-व्यवस्थेत नीट गुंफलेले नसलेला एक जुगाड आहे, असा इशारा त्याच्या वर्णनातच दिलेला आहे. त्याऐवजी अमुक फोल्डरमधल्या फाईली मुळातच बसवू नयेत अशी सूचना डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला देता येते, आणि तो मार्ग अधिक स्वच्छ आहे. मॅकवर २०१९ सालच्या कॅटालिना या आवृत्तीपासून प्रणालीचा भाग केवळ वाचण्यापुरता खुला असतो, त्यामुळे प्रणालीबरोबर आलेल्या ॲपच्या भाषांना अशा साधनांना हात लावता येत नाही.

मोठा धोका पायाभूत भाषेचा आहे. गेटटेक्स्टमध्ये इंग्रजी वाक्ये सहसा प्रोग्रॅमच्या आतच असतात, म्हणून अनुवादाच्या सगळ्या फाईली गेल्या तरी प्रोग्रॅम इंग्रजीत चालू राहतो. इतर अनेक व्यवस्थांमध्ये इंग्रजी हीसुद्धा एक फाईलच असते, आणि निवडलेल्या भाषेत एखादे वाक्य मिळाले नाही की तिचा आधार घेतला जातो. ‘मला फक्त मराठी हवी’ म्हणून ती फाईल पुसली तर प्रोग्रॅम उघडण्यासच नकार देऊ शकतो.

जेथे प्रत्येक मेगाबाइटला महत्त्व आहे तेथे भाषा काढणे योग्यच असते, पण तो निर्णय सॉफ्टवेअरची बांधणी करणाऱ्यांनी घ्यायचा असतो. डेबियनच्या कंटेनरसाठीच्या ‘स्लिम’ प्रतिमांमधून, म्हणजे सर्व्हरवर थेट चालवण्यासाठी बांधलेल्या तयार गठ्ठ्यांमधून, अनुवाद आणि माहितीपुस्तिका वगळलेल्या असतात, कारण ती प्रतिमा हजारो वेळा उतरवली जाते आणि तिच्यातले मेनू वाचायला कोणी माणूस बसलेला नसतो. फेडोरा या लिनक्स प्रणालीनेही २०१६ साली २४व्या आवृत्तीत मूळ सी लायब्ररीची, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम ज्या पायाभूत संचावर चालतात त्याची, भाषाविषयक माहिती भाषावार पॅकेजमध्ये विभागली, त्यामुळे ज्याला जी भाषा हवी तेवढीच त्याला घेता येऊ लागली.

प्रश्न : मोबाइलमधल्या ॲपमध्ये सगळ्या भाषा भरलेल्या असतात का? त्या काढता येतात का?

उत्तर : अँड्रॉइडवर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. २०१८ साली गुगलने ॲप बंडल ही पद्धत आणली आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपसाठी ती बंधनकारक केली. या पद्धतीत ॲपचे भाषावार तुकडे करता येतात आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ज्या भाषा निवडलेल्या असतील त्यांचेच तुकडे उतरवले जातात. पुढे भाषा बदलली की लागणारा तुकडा मागवला जातो. म्हणून फोनची भाषा बदलल्यानंतर काही ॲप थोडा वेळ जुन्याच भाषेत दिसली तर घाबरून जाऊ नये आणि नेट जोडलेले ठेवावे. वापरकर्त्याला हाताने काढण्यासारखे तेथे फारसे काही उरत नाही. कीबोर्डमध्ये मात्र ज्या भाषा आपण कधीच टाइप करत नाही त्या बंद ठेवाव्यात, कारण चालू असलेल्या प्रत्येक भाषेचे शब्द सुचवण्यासाठी विचारात घेतले जाऊ शकतात, आणि त्यामुळे वेगापेक्षाही सूचनांचा नेमकेपणा बिघडतो.

प्रश्न : मी संकेतस्थळे तयार करतो. अनुवादांमुळे संकेतस्थळ मंदावते असे ऐकतो. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे, आणि संकेतस्थळांच्या बाबतीत मी आधीच्या उत्तरापेक्षा बराच सावध राहीन. ब्राउझरकडे पाठवलेली प्रत्येक फाईल नेटवरून जावी लागते आणि जावास्क्रिप्ट असेल तर ती वाचून समजून घ्यावी लागते, मग तिचा उपयोग होवो अथवा न होवो. तारखा दाखवण्यासाठीची मोमेंट ही लोकप्रिय लायब्ररी हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. ती भाषेची फाईल नावावरून ऐनवेळी मागवते. वेबपॅक या बांधणी-साधनाला कोणते नाव येईल हे आधी कळत नाही, म्हणून ते सगळ्याच भाषा गठ्ठ्यात भरते. अशा रीतीने एका मराठी तारखेसाठी वाचकाला जगातल्या डझनावारी भाषांतल्या महिन्यांची नावे उतरवून घ्यावी लागतात. वेबपॅकला हव्या त्या भाषांची यादी दिली की हा भार नाहीसा होतो, आणि अनेक ठिकाणी तर ब्राउझरमध्ये आधीच असलेली इंटल ही सोय तारखा व आकडे मराठीत दाखवायला पुरेशी असते.

सर्व्हरच्या बाजूला प्रश्न उलट आहे. वर्डप्रेस न वापरलेल्या भाषा वाचतच नाही, पण संकेतस्थळाची जी भाषा आहे तिच्या अनुवादाच्या फाईली प्रत्येक विनंतीला उघडून उलगडाव्या लागत असत, आणि प्लगइन वाढले की हा खर्च जाणवू लागे. म्हणजे मंदपणा यायचा तो वापरातल्या भाषेमुळे. मूळ अमेरिकी इंग्रजीतल्या संकेतस्थळाला हा खर्च नव्हता आणि मराठी संकेतस्थळाला होता, ही विषमता मला नेहमी खटकत आली आहे. एप्रिल २०२४ मधल्या ६.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस अनुवाद पीएचपीच्या फाईलींमध्ये ठेवू शकते, आणि त्या ऑपकॅशमध्ये, म्हणजे पीएचपीच्या मेमरीतल्या साठ्यात, तयार राहत असल्यामुळे हे काम बरेच झटपट होते. आपले संकेतस्थळ जुन्या आवृत्तीवर असेल तर भाषा काढण्याच्या खटपटीत न पडता आधी आवृत्ती बदलावी.

प्रश्न : छापील पानांतून मजकूर उतरवण्यासाठी मी टेसरॅक्ट वापरते. त्यात दहा भाषा बसवल्या आहेत. काम फार हळू होते. भाषा कमी करू का?

उत्तर : बसवलेल्या भाषा तशाच राहू द्याव्यात, त्या नुसत्या डिस्कवर पडून असतात. आदेश देताना आपण किती भाषांची नावे जोडता ते पाहावे. टेसरॅक्टला मराठी अधिक इंग्रजी अधिक हिंदी असे सांगितले की तो तिन्ही भाषांची प्रारूपे (अक्षरे ओळखायला शिकवलेली मॉडेल) मेमरीत घेतो आणि ओळख पटवताना ती आजमावतो, त्यामुळे प्रत्येक वाढीव भाषेसरशी वेळ वाढतो. मराठीच्या पानात अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा द्याव्यात आणि मराठी पहिली ठेवावी. पान निव्वळ मराठी असेल तर एकटी मराठी पुरेशी आहे.